एप्रिलची जेट्टी, जुलैची जेट्टी

शेजाऱ्यांमध्ये कुंपण असावं आणि कुंपणाला भगदाड असावं, असं आमच्याकडे मांडव्यात मानतात. मानतात म्हणजे मी आणि आक्का मानतो. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं, तेव्हा आक्कांच्या वाडीतल्या पोफळी सामाईक कुंपणावर आडव्या झाल्या. पोफळी चिरून झाल्या, भगदाड राहिलं. ते बुजवायला आमच्या घरातून तार आली होती, ती कारल्याच्या मांडवाला लागली. त्यामुळे गावात काय चाललंय हे कळायला आम्हा दोघींना मोबाईल उघडावा लागत नाही.

परवा सकाळी मी परसात कढीपत्ता तोडत होते, तर भगदाडातून एक जाडजूड पाकीट पुढे आलं आणि मागोमाग आक्का.

"घे गं बाय, बघ. आमच्या भाच्यानं कोरोना छापून आणलाय."

आक्कांचा भाचा अलिबागेत फोटो स्टुडिओ चालवतो. पासपोर्ट फोटो, लग्नं, बारशी, झालंच तर शाळेतले वर्गाचे फोटो. टाळेबंदीत दुकानाचं शटर खाली आणि नव्या कॅमेऱ्याच्या कर्जाचा हप्ता डोक्यावर, अशी त्याची गत झाली. घरात बसून डोकं फिरवून घेण्यापेक्षा जमेल तेव्हा, जमेल तिथे तो फोटो काढत फिरला. आता यंदा गणपतीत मंडळाच्या मंडपाशेजारी त्याला त्यांचं प्रदर्शन लावायचंय. फोटो तयार आहेत, खाली लिहायचा मजकूर नाही. तो आत्यानं सांगावा असा त्याचा हट्ट. आक्का जेट्टीजवळ चहाची टपरी चालवायच्या. मांडव्याला कोण आलं, कोण गेलं, कोण कुणाबरोबर गेलं, सगळं त्यांना तोंडपाठ. भाच्यानं माणूस बरोबर हेरलाय.

पहिलाच फोटो जेट्टीचा. लांबच लांब धक्का, कडेला खांब, पाय ताणून झोपलेला कुत्रा. बाकी शुकशुकाट.

"याच्याखाली काय लिहायचं त्यात? 'लॉकडाऊनमधली मांडवा जेट्टी'. झालं," मी म्हटलं.

"कशावरून?"

"कशावरून म्हणजे? चिटपाखरू नाही."

"मग जुलैत असतं का?"

आक्कांनी मला तिथेच पकडलं. मुंबईच्या गेटवेहून मांडव्याला येणाऱ्या बोटी मे संपता संपता बंद होतात, त्या पाऊस ओसरल्यावर सप्टेंबरात सुरू होतात. वर्षानुवर्षांचा हा रिवाज. कोरोनाचं नावही कुणी ऐकलं नव्हतं तेव्हाही जुलैतली जेट्टी अशीच ओस असायची. बोट नाही, बोटीच्या तिकिटावर अलिबागला नेणारी बस नाही, टपऱ्यांवर ताडपत्र्या. मग हा फोटो साथीचा की साध्या पावसाळ्याचा?

आक्कांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि फोटो नाकाला लावला. "खांबाची सावली बघ. आखूड नि काळीकुळकुळीत. पावसाळ्यात अशी सावली मिळते होय? नि कुत्रा सावलीत झोपलाय. जुलैत तो छपराखाली झोपतो. हा एप्रिल. दुपारी बाराच्या आसपासचा."

"मग लिहा ना एप्रिल."

"तेच तर म्हणत्ये. एप्रिल लिहिलं तर हा फोटो. नाही लिहिलं तर नुसता कुत्रा."

मला हसू आलं, पण आक्कांचं म्हणणं डोक्यात बसलं. मुंबईच्या फोटोंना ही अडचण नाही. 2020 च्या मार्चअखेरीस सगळ्यांनी पाहिलेले ते फोटो आठवा. मरीन ड्राइव्हवर माणूस नाही, सीएसएमटीच्या फलाटांवर माणूस नाही, दादरच्या फुलबाजारात फुलाची पाकळी नाही. 22 मार्चच्या जनता कर्फ्यूपासून लोकल सामान्यांना बंद झाली ती जूनच्या मध्यावर सुरू झाली, आणि तीही फक्त अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी. सर्वांना ठरावीक वेळात डब्यात चढू दिलं ते थेट 1 फेब्रुवारी 2021 ला, आणि एप्रिलमध्ये पुन्हा दार लावलं. मुंबई रिकामी दिसली की तीच बातमी, तिला तारखेची गरज नाही. आमच्या किनाऱ्याला रिकामं राहायची सवय आहे. इथे रिकामपणाला महिना विचारावा लागतो.

पुढचा फोटो रो-रोच्या जहाजाचा. त्यावर आक्का बराच वेळ थांबल्या. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाड्या घेऊन येणारी बोट येणार, येणार, अशी वर्षानुवर्षं हूल होती. तिच्यासाठी लाटा अडवायला बंधारा झाला, नवा धक्का झाला. ग्रीसमध्ये बांधलेलं जहाज आलं. एका फेरीत शंभरावर गाड्या आणि 500 माणसं. रस्त्यानं वडखळच्या कोंडीतून तीन-चार तास घालवण्याऐवजी तासाभरात मुंबई. आमच्याकडे सगळे खूश. कुणी टपरी वाढवली, कुणी रिक्षा घेतली, कुणी घराच्या दोन खोल्या रंगवून 'घरगुती राहण्याची व जेवणाची सोय' असा बोर्ड लावला. 15 मार्च 2020, रविवार, सेवा सुरू झाली. उद्घाटनाचा मोठा समारंभ साथीच्या धास्तीनं रद्दच झाला होता. आणि पुढच्या रविवारी जनता कर्फ्यू.

"बारशाला आली नि सुतकात बसली बिचारी," आक्का म्हणाल्या. जहाज पुन्हा सुरू व्हायला ऑगस्ट उजाडला, गणपतीच्या तोंडावर. तोवर त्या रंगवलेल्या खोल्यांच्या भिंतींना पावसाची ओल येऊन पापुद्रे सुटले होते.

आता गंमत बघा. भाच्याच्या फोटोत जहाज आहे, धक्का आहे, निळं आभाळ आहे. दिसायला एखाद्या पर्यटनाच्या जाहिरातीत शोभेल असा. त्यात तोटा कुठे दिसतो? रिक्षाचं कर्ज कुठे दिसतं? साथीच्या फोटोंबद्दल माझी हीच तक्रार आहे. रिकामा रस्ता फार देखणा येतो. उजेड चांगला, गर्दी नाही, तारांवर पक्षी. त्या वर्षी नवी मुंबईच्या खाडीतल्या फ्लेमिंगोंचे गुलाबी फोटो घरोघर फिरले, 'निसर्ग मोकळा श्वास घेतोय' म्हणून. इकडे खंडाळे, नेहुली, कार्ले भागातल्या बायकांच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा पडवीत लटकून होत्या. आमचा पांढरा कांदा रस्त्याकडेला विकला जातो, येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांना, आणि त्याचा ऐन हंगाम मार्च ते मे. गाड्याच नाहीत तर गिऱ्हाईक कुठलं? पडवीत टांगलेली कांद्याची माळ फोटोत समृद्धीची खूण वाटते. ती न विकलेली आहे हे कॅमेऱ्याला कसं कळणार?

"आता हा बघ, हा मला आवडला," आक्का म्हणाल्या.

फोटो वाण्याच्या दुकानासमोरचा. अंतर राखायला रस्त्यावर चुन्यानं वर्तुळं काढलेली, सहा-सहा फुटांवर. प्रत्येक वर्तुळात शिस्तीत एकेक वस्तू. कापडी पिशवी, रॉकेलचा रिकामा कॅन, जुनी छत्री, एका वर्तुळात उजव्या पायाची चप्पल. आणि फोटोच्या कडेला, आंब्याच्या सावलीत, त्या पिशव्यांचे मालक-मालकिणी एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून गप्पा मारतायत.

"चप्पल कुणाची?" मी विचारलं.

"माझी. डावी पायात होती. दोन्ही ठेवल्या असत्या तर पाय भाजले असते."

या फोटोला तारीख नसली तरी चालेल असं मला वाटलं. आक्का म्हणाल्या, नाही चालायचं. पन्नास वर्षांनी कुणी बघेल तर त्याला वाटेल, मांडव्यात चपला विकायची अशी पद्धत होती.

एवढ्यात गुरुजी दुधाची किटली घेऊन चालले होते ते आमचा घोळका पाहून थांबले. गुरुजी पलीकडच्या आळीतले, मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. वाचन दांडगं. एकदा सुरू झाले की दूध नासेपर्यंत थांबत नाहीत.

"काय चाललंय संमेलन?"

"गुरुजी, कोरोनाला नावं ठेवतोय," आक्का म्हणाल्या आणि पाकीट त्यांच्या हातात दिलं.

गुरुजींनी दोन-चार फोटो पाहिले आणि थेट 1897 सालात गेले. "मुंबईतल्या प्लेगचे फोटो पाहिलेत का कधी?"

सप्टेंबर 1896 मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मुंबईत मांडवी भागात प्लेगचे रोगी ओळखले. मांडवी हो, बंदराजवळची, आपला मांडवा नव्हे. सव्वाआठ लाखांच्या आसपास वस्तीचं शहर. लोक जमेल त्या गाडीनं, जमेल त्या बोटीनं गावाकडे सुटले. मार्च 1897 मध्ये सरकारनं गॅटॅकर नावाच्या लष्करी अधिकाऱ्याच्या हाताखाली प्लेग समिती नेमली, आणि त्या काळातल्या कामाचे फोटो निघाले. कॅप्टन मॉस आणि क्लिफ्टन कंपनी ही नावं त्या फोटोंशी जोडलेली आहेत. आज त्यातले बरेच लंडनच्या वेलकम संग्रहात आहेत, संगणकावर कुणालाही बघता येतात. घरात पाण्याचे फवारे मारणारे कामगार, बंब, चुना, इस्पितळातल्या खाटा, स्टेशनावर प्रवाशांची तपासणी. पुण्यातल्या झडत्यांचेही फोटो आहेत. ज्या झडत्यांच्या संतापातून 22 जून 1897 ला चाफेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली, त्याच त्या.

"फोटो चांगले आहेत, स्वच्छ आहेत," गुरुजी म्हणाले, "पण साहेबाची नावं मिळतात, डॉक्टरांची मिळतात. खाटेवरच्या बाईचं नाव नाही. फवाऱ्याची नळी धरलेल्या माणसाचं नाव नाही. ज्याचं घर धुतायत तो दारात उभा आहे, तो कोण? दुकान कसलं होतं त्याचं? पुढे उघडलं का? काही पत्ता नाही. सरकारनं सरकारचं काम दाखवायला काढलेले फोटो ते. दुसरीकडे बघा, त्याच साथीत रोग्यांची सेवा करता करता 10 मार्च 1897 ला सावित्रीबाई फुले गेल्या. त्या कामाचा फोटो पाहिलाय कुणी?"

आम्ही दोघी गप्प. गुरुजींची किटली गडग्यावर विसावली, म्हणजे आता तासाची निश्चिंती.

"आमचा भाचा कुठे सरकारचा माणूस आहे?" आक्का म्हणाल्या.

"म्हणून तर म्हणतो. त्यानं नावं लिहावीत."

गेटवेवरचा फोटो निघाला तेव्हा हा मुद्दा आणखी पक्का झाला. बोटी सुरू झाल्यावर भाचा मुंबईला गेला होता, तिथे त्याने गेटवेच्या फोटोग्राफरचा फोटो काढला. तुम्ही मांडव्याच्या बोटीला रांगेत उभे असाल तर ही मंडळी तुम्हाला हमखास भेटलेली आहेत. गळ्यात कॅमेरा, खांद्याला पिशवी, हातात नमुन्याच्या फोटोंचा गठ्ठा. ताजमहाल हॉटेलचा घुमट चिमटीत धरल्याचा फोटो, गेटवेच्या कमानीखाली कुटुंब रांगेत. पूर्वी पैसे घेऊन पत्ता लिहून घेत आणि फोटो टपालानं घरी येत असे, हल्ली जागेवर छापून हातात. मोबाईलनं या लोकांचं अर्धं पोट आधीच मारलं होतं. उरलेल्या अर्ध्यावर टाळेबंदी आली. पर्यटक नाही तर फोटो कुणाचा काढायचा? कुणी गावाला गेला, कुणी भाजीची गाडी लावली.

भाच्याच्या फोटोत तो माणूस मास्क लावून उभा आहे, कॅमेरा छातीशी धरून, आणि नमुन्याचे फोटो पंख्यासारखे पसरून दाखवतोय. समोर बघायला कुणी नाही. जन्मभर दुसऱ्यांचे फोटो काढले, स्वतःचा मात्र मास्कमागे राहिला. भाच्यानं त्याचं नाव विचारलं होतं का, असं गुरुजींनी विचारलं. आक्कांनी तिथल्या तिथे फोन लावला. भाचा म्हणाला, विचारलं होतं, डायरीत आहे. गुरुजी म्हणाले, "हा मुलगा पुढे येईल."

धंदेवाईक बातमी-छायाचित्रकारांची कथा निराळी. घरात बसा असं सगळ्यांना सांगत असताना त्यांना बाहेर पडायलाच हवं होतं. एप्रिल 2020 मध्ये मुंबईत पत्रकारांची तपासणी केली तेव्हा 53 जण बाधित निघाले, त्यात छायाचित्रकार आणि कॅमेरामन बरेच. दुसऱ्या लाटेत रॉयटर्सच्या दानिश सिद्दीकी यांनी दिल्लीतल्या चितांचे फोटो काढले, जगभर गाजले. 2022 साली त्यांना आणि अदनान अबिदी, सना इर्शाद मट्टू, अमित दवे या सहकाऱ्यांना भारतातल्या साथीच्या फोटोंसाठी पुलित्झर मिळालं, तेव्हा दानिश हयात नव्हते. जुलै 2021 मध्ये अफगाणिस्तानात ते मारले गेले होते.

"पण चितेचा फोटो काढावा का?" मी विचारलं.

"माझ्या थोरल्या जावेला नेलं तेव्हा भाचा कॅमेरा घेऊनच होता," आक्का म्हणाल्या. "वीसच माणसांना परवानगी, तेवढीही आली नाहीत. त्यानं कॅमेरा गाडीत ठेवला. मी म्हटलं, बरं केलंस. आता वाटतं, एक काढायला हवा होता. कोण आलं नि कोण आलं नाही, ते तरी कळलं असतं."

गुरुजींनी यावर काही भाष्य केलं नाही. मीही नाही केलं. आक्कांनीच पाकिटातला पुढचा गठ्ठा काढला, तो लग्नांचा.

आमच्याकडे आगरी-कोळ्यांचं लग्न म्हणजे खरं तर हळद. लग्नाला अक्षता टाकून लोक जेवून जातात, हळदीला मात्र अख्खं गाव रात्रभर बेंजोवर नाचतं. स्टुडिओवाल्याची खरी कमाईही तिथेच. मे 2020 मध्ये लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा आली. एप्रिल 2021 मध्ये 'ब्रेक द चेन'च्या नियमांत ती पंचवीसवर आली आणि समारंभ दोन तासांत उरकायचा. न उरकला तर 50 हजारांचा दंड. दोन तास! आमच्याकडे रुखवत मांडायला त्याहून जास्त वेळ लागतो. पंचवीस माणसांत नवरा-नवरी, दोन्हीकडचे आईबाप आणि भटजी धरले की उरले किती, आणि त्यात फोटोवाल्याला मोजायचं की नाही यावरून भांडणं. बेंजोवाल्यांना तर कुणी धरलंच नाही. त्यांचं सामान दोन हंगाम माळ्यावर पडलं.

एक फोटो मात्र मी हातात धरून ठेवला. नवरीचा जवळून घेतलेला चेहरा. मुंडावळ्यांचा दोरा आणि मास्कचं इलॅस्टिक एकाच कानामागून गेलंय, दोन्हींनी मिळून कान पुढे वाकवलाय. मास्क लग्नाच्या शालूच्या कापडाचा, जरीची किनार ओठांवर आलेली. आणि हळदीचा पिवळा रंग डोळ्यांखालीच थांबलाय, कारण खाली लावायला जागाच नव्हती. भाच्यानं तिला 'फोटोपुरता मास्क खाली घ्या' म्हटलं नाही, याचं मला कौतुक वाटलं. बाकीच्या अल्बममध्ये सगळे मास्क हनुवटीवर घेऊन हसतायत.

"हिचं नाव लिहायचं का खाली?"

"तिला विचारून," आक्का म्हणाल्या. "सासरी बोलतील तिला."

हा एवढा एक फोटो सोडला तर त्या हंगामात भाच्याला काय मिळालं? बँकांचे हप्ते मार्च ते ऑगस्ट 2020 असे सहा महिने थांबवायची सवलत होती. त्यानं घेतली. हप्ता थांबला, व्याज थांबलं नाही. व्याजावरचं व्याज पुढे परत मिळालं, पण मूळ व्याज कर्जाच्या मानगुटीवर बसलंच. मग तो काय करायचा? जिल्ह्याबाहेर जायला ई-पास लागत होता, अर्जाला फोटो लागत होता. ते फोटो. पुढे लशीचं प्रमाणपत्र छापून लॅमिनेट करून देणं. प्रमाणपत्रावर आपला फोटो का नाही, पंतप्रधानांचाच का, हे विचारायला म्हातारे स्टुडिओत येत आणि 'तुझ्याकडे चांगला कॅमेरा आहे, माझा लावून दे' म्हणून बसत.

आता आमच्या बाजूचा सगळ्यात अवघड भाग. मुंबई रिकामी झाली तेव्हा आमच्याकडचे बंगले भरले. मांडवा, आवास, किहीम, सासवणे, सगळ्या पट्ट्यातले. शनिवार-रविवारी येणारी माणसं महिनोन्महिने राहिली, कॉम्प्युटरवर ऑफिस चालवायला लागली. मार्चमध्ये आम्ही वेशीवर बांबू आडवे बांधून गावबंदी केली होती. गणपतीला येणारा आपलाच चाकरमानी शाळेच्या खोलीत दिवस मोजत बसला, त्याची आई खिडकीतून डबा द्यायची. बंगल्यांना त्यांची आवारं होती, वर पोहायचा तलाव. आक्का म्हणतात, "विलगीकरण त्यांचंही झालं हो. पाण्यात बसून." टोमणा खरा आहे, पण सगळा नाही. काही बंगलेवाल्यांनी धान्य वाटलं, माळ्याचा, राखणदाराचा पगार कापला नाही. काहींनी दोन्ही केलं नाही. गावाला कोण कसं वागलं हे पाठ आहे.

आणि याचा फोटो कसा काढायचा, सांगा. भाच्यानं काढलाय, चोंढी नाक्याजवळचा. जमिनीचे व्यवहार करणाऱ्यांचे बोर्ड एकाखाली एक, खालचा बोर्ड सायकल पंक्चरच्या दुकानाचा, त्यावर अर्धा झाकलेला 'हवा'. पंक्चरवाला गेला, बोर्ड उरला. कोरोनानं गेला का? वादळात पत्रे उडाले म्हणून गेला का? की त्याची जागा विकली गेली? तिन्ही. आमच्याकडे साथ एकटी आलीच नाही. मार्चमध्ये टाळेबंदी, जूनमध्ये निसर्ग, मग पाऊस, पुढच्या मेमध्ये तौक्ते वादळ, आणि मधल्या काळात जमिनींना चढलेले भाव. उडालेल्या छपराच्या दुकानाचा फोटो दाखवून 'कोरोनाचा परिणाम' म्हणणारा अर्धवट सांगतो. 'वादळाचा परिणाम' म्हणणाराही तेवढंच. छपराचे पैसे टपरीच्या गल्ल्यात असते तर वादळानंतर आठवड्यात नवे पत्रे चढले असते. गल्ला मार्चपासून रिकामा होता म्हणून ते चढले नाहीत.

हे मी हवेत बोलत नाही. पाकिटात शेवटी आक्कांच्या टपरीच्या उधारीच्या वहीचा फोटो होता. वही उघडी, डाव्या पानावर आक्कांचं वळणदार अक्षर: 'बसवाले, चहा 4', 'हमाल, वडापाव 2, चहा 2', 'बोटीवरचा पोरगा, बिस्कीट'. तारीख 21 मार्च. उजवं पान कोरं, त्यावर पावसाच्या पाण्याचा तपकिरी डाग. टपरीचे पत्रे 3 जूनला गेले, पण वही तेव्हाही टपरीतच होती. उघडायची वेळच आली नव्हती.

"उधारी मिळाली का पुढे?" गुरुजींनी विचारलं.

"बसवाल्यांनी दिली. बोटीवरचा पोरगा आलाच नाही परत. त्याच्या बिस्किटाचे मी सोडले."

टपरी पुन्हा उभी राहिली नाही. जेट्टीच्या आवारात आता चकचकीत उपाहारगृहं आहेत, तिथल्या चहाच्या किमतीत आक्का आमच्या सगळ्या आळीला पाजतील. त्या स्वतः घरून नानकटाई आणि आंबोशी विकतात, बंगल्यांतून मागणी आहे. म्हणजे साथीनं नेलं तसं थोडं दिलंही. हेही फोटोत दिसत नाही, पण आक्का तेही लिहायला सांगणार आहेत. त्यांचा हिशेब चोख असतो.

गुरुजी जाता जाता 'अग्निपथ' काढून बसले. 1990 च्या त्या सिनेमामुळे अख्ख्या हिंदुस्थानाला मांडवा माहीत. पर्यटक बोटीतून उतरले की गावाच्या पाटीखाली छाती काढून फोटो काढून घेतात. आणि 2012 मध्ये तोच सिनेमा नव्यानं आला तेव्हा त्यातला मांडवा उभा केला होता दीवला! तिथली घरं, तिथलाच समुद्र. लोकांच्या डोळ्यांपुढे मांडवा म्हणून जे गाव येतं ते आमचं नाहीच. "आपण आपले फोटो नीट सांभाळले नाहीत," गुरुजी म्हणाले, "तर पन्नास वर्षांनी आपली साथसुद्धा कुणीतरी दीवलाच दाखवील." एवढं बोलून ते किटली घेऊन निघाले. दूध नासलं असणार, पण ते सांगायची माझी छाती झाली नाही.

आक्का आणि मी दुपारपर्यंत बसून मजकूर केला. विशेषणं नाहीत, 'भीषण' नाही, 'मन सुन्न करणारं' नाही. ठिकाण, तारीख, माणसाचं नाव (विचारून), धंदा काय होता, आज काय आहे. एवढंच. ज्याची तारीख भाच्याला आठवत नव्हती असे काही फोटो आक्कांनी बाजूला काढले. त्यातले दोन फार सुंदर होते, तो चिडला. आक्का म्हणाल्या, ते कॅलेंडरला दे.

तर वाचकांना एक सांगणं आहे. 2020 आणि 2021 चे फोटो तुमच्याही मोबाईलमध्ये असतील. गच्चीत थाळ्या वाजवल्याचे, 25 मार्चला मोकळ्या रस्त्यावर एकट्या उभ्या असलेल्या गुढीचे, बंद दुकानाचे, पंचवीस माणसांच्या लग्नाचे. मोबाईल बदलला की ते जातात, आणि राहिले तरी तारखेशिवाय राहतात. त्यातले दहा-वीस निवडा आणि गावातल्या स्टुडिओत छापून घ्या, त्याच्याही चार पैशांची सोय होईल. मागे नाव, गाव, तारीख आणि त्या दुकानाचं पुढे काय झालं ते लिहा. चकचकीत कागदावर पेन्सिल उमटत नाही आणि आपल्या दमट हवेत शाई पसरते, तेव्हा न पुसणारा बारीक मार्कर वापरा, आणि वाळेपर्यंत एकावर एक ठेवू नका.